उकंडरावांचा खोकला

सत्यभामामावशीच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली जायची. उमललेली कळी लपवायची नाही.

आमच्या दुसरबीडच्या आसपास शेडनेटमध्ये मिरचीचं, टमाट्याचं बियाणं तयार होतं. मादी झाडाची कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातले केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग तिला लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. कळी आधीच उमललेली असेल तर ती वाया गेली, तोडून टाकायची. एखादी बाई कंटाळा करते, तशीच ठेवते, वर दोराही बांधते. तेव्हा कोणाला काही कळत नाही. पुढं कंपनीच्या तपासणीत अख्खा लॉट नापास होतो. मावशीच्या देखरेखीखालचा लॉट बावीस वर्षांत एकदाही नापास झाला नव्हता. लपवलेली कळी सापडली की ती त्या बाईला दुपारीच घरी पाठवायची, मग ती नात्यातली का असेना.

मी सारिका, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. दुसरबीडच्या स्टँडजवळ रक्त-लघवी तपासायची लहानशी लॅब चालवते. मावशी दर दोन-चार दिवसांनी माझ्याकडे चहाला थांबायची. पण तिला संडासवाटे रक्त जाऊ लागलं, तेव्हा आठ महिने तिनं ते मला सांगितलं नाही. मूळव्याध समजून कुठल्यातरी वैद्याची पुडी घेत राहिली. सांगितलं तेव्हा तिचं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. जालन्याला ऑपरेशन झालं. आतड्याचा कॅन्सर निघाला. मग सलाईनमधून औषधं, आधी एका प्रकारची, मग दुसऱ्या. दोन वर्षं त्यात गेली आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यकृतात सहा गाठी दिसल्या.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. मावशी, तिचे यजमान तुळशीराम काकाजी आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले. त्यांनी घाई केली नाही, पण गोडही बोलले नाहीत.

"नेहमीच्या औषधांतलं आता एकच उरलं आहे," ते म्हणाले. "त्यानं आजार बरा होत नाही, थोडा थोपतो. सोबत एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू आहे. भाग घ्यायचा तर घ्या. नाही घेतला तरी उपचार थांबणार नाहीत."

संमतीपत्र चोवीस पानांचं होतं. मराठीतच, पण असं मराठी की माझ्यासारखीलाही एक वाक्य दोनदा वाचावं लागे. मी वाचत होते, मावशी ऐकत होती, आणि समोर कॅमेरा सुरू होता, कारण नियमानं ते सगळं चित्रित करावं लागतं. ते काम डिंपल नावाची मुलगी बघत होती. ती या अभ्यासाची समन्वयक, मूळची लोणारची. बोलायला लागली की गावाकडचीच वाटायची.

वाचून झाल्यावर मावशीनं डॉक्टरांना विचारलं, "याच्या आधी हे कोणाले देल्लं?"

"एकसष्ट जणांना."

"त्याईचं काय झालं?"

"सतरा जणांच्या गाठी काही महिने लहान झाल्या. चौघांच्या फुप्फुसांना सूज आली. त्यातला एक दगावला."

"आन् बाकीचे?"

"बाकीच्यांना फरक पडला नाही."

मग त्यांनी समजावलं. नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळणार. सोबतची गोळी मात्र निम्म्या लोकांना खरी आणि निम्म्यांना रिकामी. दिसायला दोन्ही सारख्याच. कोणाला कोणती, हे संगणक ठरवतो. ते पेशंटला कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. अडचण आली तरच उघडून बघायचं.

तुळशीराम काकाजींना हे पटलं नाही. "म्हंजे आमी एवढ्या दुरून येणार आन् तुमी खडू देणार?"

मावशीनंच त्यांना उत्तर दिलं. "कंपनीवाले आपल्या वावरात वाफे टाकतात, ते कसे असतात? पाटीवर निसता नंबर. कोणत्यात काय हाय ते सांगतात काय? सांगतलं तर आपणच एकाले जास्त पाणी देऊ."

डॉक्टर हसले. मावशी हसली नाही. तिनं सही केली. सातवीपर्यंत शिकलेली होती, सही छान करायची.

दर दुसऱ्या मंगळवारी जायचं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॉरिडॉरमध्ये अभ्यासातले लोक बसायचे. पहिल्या मंगळवारी सात जण होते. प्रत्येकाच्या हातात एक निळी डायरी. रोज गोळी किती वाजता घेतली, काय त्रास झाला, ते तिच्यात लिहायचं. मावशी काहीही सोडत नसे. 'सकाळी आठ दहा. जेवण निम्मं. तळपायाची आग. दुपारी बरं.' अक्षर वळणदार.

तिथंच उकंडराव भेटले. अमडापूरचे, वय बासष्ट-त्रेसष्ट. चिखलीच्या भाजी बाजारात तीस वर्षं हर्रासी, म्हणजे लिलाव, पुकारायचे. उंच, हाडकुळे, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाची नर्स वळून बघायची. पहिल्याच ओळखीत त्यांनी मावशीला हर्रासी करून दाखवली. वांगी, दोडकी, मिरची, कोणाचा माल, कितीची बोली, कोण वर चढला, सगळं एका श्वासात. मध्ये श्वास न घेता चाळीस बोल्या म्हणायचे, असं ते सांगत, आणि त्या दिवशी म्हणूनही दाखवल्या. सोबत त्यांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "दवाखान्यात तरी गप बसा."

परतताना आम्ही जालन्यापर्यंत एकाच गाडीत असायचो. तिथून ते चिखलीची बस धरायचे आणि आम्ही मेहकरची. जालन्याच्या स्टँडवर अर्धा-पाऊण तास मिळायचा. मावशी भाकरीचं गाठोडं सोडायची, वच्छलाबाई शेंगदाण्याची चटणी काढायच्या. मला वाटतं, मावशी त्या अर्ध्या तासासाठीच मंगळवारची वाट बघायची. घरी सगळे तिच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत. उकंडराव तिच्याशी मिरचीच्या भावावर भांडत.

पहिला स्कॅन मार्चमध्ये झाला. उकंडरावांच्या गाठी चौथा हिस्सा कमी झाल्या होत्या. मावशीच्या जशाच्या तशा.

"जशाच्या तशा म्हणजे चांगलंच, काकू," डिंपल म्हणाली.

पण मावशी त्या दिवसापासून स्वतःकडे निरखून बघायला लागली. उकंडरावांच्या अंगावर पुरळ होतं, तोंडाला चव नव्हती, नखांच्या कडा फुटल्या होत्या. ते एकेक त्रास पदक दाखवावं तसा दाखवत. मावशीला त्यांतलं काहीच नव्हतं. ती लॅबमध्ये येऊन माझ्यापुढे हात धरायची. "पाह्य बरं, सारिके. काई दिसते काय?"

"काही नाही."

"हाव ना. काईच नाही." हे ती ज्या आवाजात म्हणायची, तो मला नकोसा वाटायचा. आजारी माणसाला आपलं अंग ठीक आहे याची भीती वाटावी, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

एप्रिलपर्यंत कॉरिडॉरमध्ये चारच जण उरले. जे येत नव्हते त्यांचं काय झालं, हे कोणी विचारायचं नाही आणि डिंपलला सांगायची मुभा नव्हती. बीडहून येणारी एक तरुण बाई होती, ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची. ती यायची थांबल्यावरही तिथं कोणी बसत नसे. एका मंगळवारी मावशीनं डिंपलला विचारलं, "तिले बरं वाटून राह्यलं काय?" डिंपल कागद चाळत राहिली. म्हणाली, "काकू, वजन करून घेऊ." मावशी निमूट काट्यावर उभी राहिली.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी जालन्याच्या स्टँडवर उकंडराव खोकले. कोरडा खोकला, आखूड. वच्छलाबाई पाण्याची बाटली भरायला गेल्या होत्या. मी बसची चौकशी करायला उठले होते. परत आले तेव्हा दोघंही गप्प झाले, आणि मला वाटलं, भावावरूनच भांडले असतील.

पुढचं मला मावशीनं नंतर सांगितलं. तिनं त्यांना सरळ विचारलं होतं, "हा खोकला कवापासून?"

"आठ-दहा दिवस झाले."

"डायरीत लेहला?"

"नाही."

"काऊन?"

उकंडराव पुढं वाकले. "बाई, जिना चढलो का दम लागते. म्हून मी मंगळवारी एक तास आधी येऊन बसतो. बोटाले ते यंत्र लावतात तवा श्वास जाग्यावर असला पाह्यजे. सांगतलं तर गोळी बंद करतील. मायी गाठ कमी होऊन राह्यली. तुमाले तं मालूम आहे, कमी होणं काय असते ते." मग ते म्हणाले, "तुमाले लेकराची आण आहे. वच्छलाले बी सांगू नका."

मावशीला मूल नव्हतं. ही आण कशाची, हे तिनं त्यांना विचारलं नाही. मान हलवली.

आणि डॉक्टरांचं ते वाक्य तिला पाठ होतं. चौघांच्या फुप्फुसांना सूज आली, त्यातला एक दगावला.

ती का गप्प राहिली, हे मी तिला खूप नंतर विचारलं. तिनं स्वतःला वाचवून उत्तर दिलं नाही. म्हणाली, त्यांनी मनापासून विनवणी केली, हे एक. दुसरं, त्यांची गाठ कमी होत होती म्हणजे औषधात दम होता, आणि ते औषध आज ना उद्या आपल्यालाही मिळेल अशी तिला आशा होती. खोकला उघडा पडला तर सगळंच बंद पडेल. "त्याईच्या खोकल्यात माया बी जीव अटकला होता," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी पुन्हा मंगळवार आला. उकंडराव तासभर आधी येऊन बसले होते. बोटाला यंत्र लागलं तेव्हा ऑक्सिजनचा आकडा ठीक आला. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला? दम?" ते म्हणाले, "काईच नाही, सायेब." मावशी शेजारच्या खुर्चीवर होती. तिच्या हातात उघडी डायरी होती आणि ती डायरीकडेच बघत होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठी घातली, पुढच्या वेळी छातीचा फोटो काढू म्हणाले.

परतताना जालन्याला गाडीतून उतरून चिखलीच्या फलाटापर्यंत चालायचं होतं. साठ-सत्तर पावलं. उकंडराव मध्येच एका खांबाला टेकले. ओठांना जांभळट छटा होती. वच्छलाबाई म्हणाल्या, "ऊन लय झालं." त्यांची बस लागली, ते चढले. खिडकीतून त्यांनी मावशीकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मला वाटलं, ते तिची चेष्टा करताहेत.

त्यानंतर सहा दिवसांनी, सोमवारी सकाळी, मावशी लॅबमध्ये आली. तिचं रक्त काढायचं होतं. मी दंडाला पट्टा बांधला, शीर सापडेना.

"सारिके, मी एक कळी लपवली," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. मी सुई खाली ठेवली.

"मावशी, आत्ता फोन लाव. नाहीतर मी लावते."

"नाही. आण म्या घेतली, मीच मोडते."

तिनं डिंपलला फोन लावला. चार वाक्यांत सांगितलं: खोकला कधीपासून, जिन्यावर दम, खांबाला टेकले, ओठांचा रंग. शेवटी म्हणाली, "मले वीस दिवसांपासून मालूम होतं." पलीकडून डिंपल काय बोलली मला ऐकू आलं नाही. मावशीनं फोन ठेवला आणि पुन्हा हात पुढं केला. "घे आता."

त्याच दुपारी अमडापूरला गाडी गेली. उकंडरावांना चिखलीला ऑक्सिजन लावून संभाजीनगरला नेलं. स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं धुरकट काचेसारखी दिसत होती. गोळी बंद केली, स्टेरॉईड सुरू केलं, आणि नियमाप्रमाणे त्यांचा नंबर उघडून बघितला. गोळी खरी होती. गाठी निम्म्यावर आल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मावशीच्या फोनवर त्यांच्या नंबरवरून फोन आला. त्यांचा तुटक श्वास मी स्पीकरवर ऐकला. मध्ये मास्कचा सूं-सूं आवाज. "बाई," ते म्हणाले, आणि थांबले. "अर्धी... झाली होती." पुन्हा थांबले. "तुमाले... काय मिळालं?" चाळीस बोल्या एका श्वासात म्हणणारा माणूस तीन शब्दही सलग म्हणू शकत नव्हता. पलीकडून वच्छलाबाईंनी फोन काढून घेतला आणि बंद केला.

सोळा दिवसांनी उकंडराव गेले.

अभ्यासात नवीन माणसं घेणं थांबलं. उरलेल्या सगळ्यांना तातडीनं बोलावून फुप्फुसांचे स्कॅन झाले. मावशीची फुप्फुसं स्वच्छ होती. दुसऱ्या एका शहरातल्या दोघांत सुरुवातीची सूज सापडली आणि ती औषधानं उतरली, असं डिंपलनं सांगितलं. एवढं सांगायची तिला परवानगी मिळाली होती. नवा कागद आला, गोळी निम्म्या ताकदीची झाली, आणि प्रत्येक भेटीत सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालवून मग बोटाला यंत्र लावायचं ठरलं. मावशी त्या कॉरिडॉरमध्ये एकटी चालायची. खुर्च्यांवर आता ती धरून दोनच माणसं असत.

जुलैत तिच्या गाठी वाढल्या. ठरलेल्या मर्यादेच्या पुढे. मग तिचाही नंबर उघडला. तिला सहा महिने रिकामी गोळी मिळत होती.

डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हाला हवी असेल तर खरी गोळी देता येईल, कमी ताकदीची. आठ दिवस विचार करा. नको म्हणालात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही."

त्या आठ दिवसांतल्या चौथ्या दिवशी वच्छलाबाई दुसरबीडला आल्या. कळवलं नव्हतं. स्टँडवर माझ्या लॅबची पाटी बघून आत आल्या आणि मावशीचं घर विचारलं. मी त्यांना घेऊन गेले. मला भीती वाटत होती. आण मोडल्याबद्दल त्या मावशीला शिव्याशाप देणार, आणि मावशी ते मुकाट ऐकून घेणार, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

मावशी ओसरीत सुपात डाळ निवडत होती. वच्छलाबाईंना बघून उठली. काकाजींनी पाणी आणलं. त्या प्याल्या नाहीत.

"मी एकच विचाराले आली," त्या म्हणाल्या. "तुमाले कवा मालूम झालं?"

"एप्रिलात. जालन्याच्या स्टँडवर. तुमी पाणी भराले गेल्या होत्या."

"आन् फोन कवा केला?"

"वीस दिवसांनी."

वच्छलाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "डाक्टर म्हणे, दोन हप्ते आधी आले असते तं वाचले असते. आजारानं गेले असते, पण मंग. सावकाश." त्या मावशीकडे बघत होत्या, आवाज चढला नव्हता. "ते मेले तवरोक तुमाले शिव्या देत होते, का सांगतलं काऊन म्हून. मी नाही देत. मायं म्हणणं उलटं आहे. तुमी सांगतलं, पण उशिरा सांगतलं. माया घरात, माया ताटातलं जेवणारा माणूस, आन् मले मालूम नाही. तुमाले मालूम."

मावशी म्हणाली, "हाव."

"एवढंच बोलाचं होतं." त्या उठल्या. मावशीनं त्यांना थांबा म्हटलं नाही आणि त्याही थांबल्या नाहीत. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. बसमध्ये चढताना त्यांनी मला विचारलं, "ते घेते काय आता खरी गोळी?"

"अजून ठरलं नाही."

"घेऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. मग पायरीवरूनच वळून म्हणाल्या, "नाही तं घेऊ द्या. मले काय कळते."

संध्याकाळी काकाजी बोलले. ते एरवी फार बोलत नाहीत. "आपल्याले नको," ते म्हणाले. "आहे तेवढे दिवस घरी राह्य. गोळीनं श्वास कोंडून मरणं मी पाह्यणार नाही."

मावशी म्हणाली, "तुमचं बराबर आहे." आणि आठव्या दिवशी तिनं सही केली.

मी तिला विचारलं होतं. मला वाटत होतं, उकंडरावांचं कर्ज फेडल्यासारखं काही तिच्या मनात असेल, पुढच्या लोकांच्या उपयोगी पडावं असं काही. तिनं मला वेड्यात काढलं. "तसलं काई नाही, माय. मले जगाचं आहे. निसतं जगाचं आहे. दुसरं काई सांगतलं तं खोटं होईन."

ऑगस्टपासून खरी गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात पुरळ आलं. ती लॅबमध्ये आली, पदर बाजूला करून खांदा दाखवला, आणि कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. काकाजींनी मात्र बोटाला लावायचं ते लहान यंत्र माझ्याकडून नेलं आणि दिवसातून पाच वेळा ते तिच्या बोटाला लावू लागले. सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. ती वैतागायची. रात्री ती कुशीवर वळली तरी ते उठून बसायचे.

ऑक्टोबरच्या स्कॅनमध्ये तिच्या गाठी पहिल्यांदा कमी झालेल्या दिसल्या. थोड्याच, पण कमी. डिंपलनं फोनवर सांगताना दोनदा सांगितलं. काकाजींनी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. मीही खाल्ला. कशाबद्दल वाटताहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं आणि काकाजींना सांगता येत नव्हतं.

अकरा दिवसांनी मावशी शेडनेटमध्ये होती. क्रॉसिंगचा हंगाम ऐन भरात होता. तिला आता उभं राहून काम होत नसे, पण सकाळी दोन तास खुर्ची टाकून बसायची आणि बायांच्या ओळींवर नजर ठेवायची. मी तिचं औषध द्यायला गेले होते. काकाजी पाण्याची कॅन घेऊन तिच्या मागं उभे होते. तेवढ्यात ती खोकली. कोरडा खोकला, आखूड. एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा.

काकाजींनी यंत्र काढलं. चौऱ्याण्णव.

"धूळ आहे इथं," ते म्हणाले.

मावशीनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. काकाजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "सत्यभामे, चार रोज थांबून पाहू. चारच रोज. गाठ कमी होऊन राह्यली ना आत्ता कुठं." ज्या माणसाला ही गोळी नको होती, तो आता ती सोडू देत नव्हता. जवळच्या ओळीतल्या बायांचे हात थांबले होते.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मला खरंच वाटलं की ती फोन पुन्हा पिशवीत ठेवणार. तिच्या चेहऱ्यावर तसं सरळ दिसत होतं. मग तिनं दुसऱ्या हातानं काकाजींचा हात उचलून बाजूला केला आणि नंबर लावला.

"डिंपल, मी दुसरबीडहून बोलते. आज सकाळी नऊ वाजता पयला खोकला आला. आता दुसरा. यंत्रावर चौऱ्याण्णव." तिचा आवाज स्वच्छ होता. फोन ठेवल्यावर मात्र ती रडली. बायांसमोर रडताना तिला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुसायला तिच्या हातात पदर येईना.

गोळी त्याच दिवशी थांबली. सूज सुरुवातीची होती, स्टेरॉईडनं दिवाळीच्या सुमारास उतरली. फुप्फुसं वाचली. पुन्हा ती गोळी देता येणार नव्हती आणि दुसरं काही उरलं नव्हतं. डिसेंबरात गाठी वाढल्या, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले. काकाजींनी तिला विचारलं नाही की चार दिवस थांबली असतीस तर काय झालं असतं. पण तो प्रश्न त्यांच्या घरात होता. ताट वाढताना, खाट सरकवताना, दोघंही त्याला वळसा घालून जात.

अभ्यासातून बाहेर पडलेल्या माणसाला दवाखान्यातून महिन्यातून एकदा फोन येतो. विचारायचं एकच असतं, माणूस आहे का. डिंपलला तो फोन करणं जड जायचं, ती आधी हवापाणी विचारायची. मावशी तिला तिथंच तोडायची. "आहे मी. लेहून घे." नोव्हेंबरात असं झालं, डिसेंबरात झालं. जानेवारीत तिला फोन धरवेना, काकाजींनी कानाशी धरला. ती म्हणाली, "आहे." आणि मग, "वच्छलाबाईले बी येते काय गं असा फोन?"

"नाही, काकू," डिंपल म्हणाली. "त्यांचं नाव आमच्या यादीत नसतं."

"हं," मावशी म्हणाली.

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, सकाळी साडेदहाला, तिनं घरीच प्राण सोडला. मी हात धरून बसले होते. श्वास शेवटपर्यंत मोकळा होता. काकाजी ते वरचेवर सगळ्यांना सांगत होते, श्वास मोकळा होता, जणू कोणी नाही म्हणत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. काकाजींनी स्क्रीनवरचं नाव बघितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"सारिकाताई? डिंपल बोलते. काकूंची..."

मी तारीख सांगितली. वेळ सांगितली. कारण विचारलं, तेही सांगितलं. पलीकडं लिहिल्याचा आवाज आला. मग लिहिणं थांबलं, तरी तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.

"उकंडरावांच्या वेळी," ती म्हणाली, "त्या मंगळवारी मलाही त्यांचा श्वास लागलेला दिसला होता. डॉक्टरांनी फोटो पुढच्या वेळी काढू म्हटलं, मी पुढची तारीख टाकली."

बाहेर काकाजी बकरीला चारा टाकत होते. मी म्हटलं, "कोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच," ती म्हणाली.